व्हिसासाठी मराठी कागदांचं भाषांतर: कचेरीबाहेरच्या टेबलापासून ऑनलाइन एजन्सीपर्यंत, कोण किती कामाचं

ब्रिटनला जोडीदाराकडे जायचं असो, कॅनडात मुलाकडे सुपर व्हिसावर (आईवडील, आजीआजोबांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर) राहायचं असो की ऑस्ट्रेलियात कायमचं बस्तान हलवायचं असो, फाइलमधला अर्धा गठ्ठा मुळातच इंग्रजीत असतो. पासपोर्ट, पोलिस क्लिअरन्स, पदवी, मोठ्या बँकांची स्टेटमेंट यांच्या भाषांतराचा प्रश्नच येत नाही. गाडी अडते ती लग्नाच्या नोंदीपाशी, गावच्या जन्मनोंदीपाशी, शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी, सातबाऱ्यापाशी, पतसंस्थेच्या पासबुकापाशी आणि कधी कधी घटस्फोटाच्या हुकूमनाम्यापाशी. हे इंग्रजीत करून देणारे बाजारात ढोबळमानाने चार प्रकारचे लोक आहेत. त्यांची ही पारख त्यांच्या हातून बाहेर पडणाऱ्या कागदावरून केली आहे. दुकानांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एकाच पाटीखाली आज जाणता माणूस बसतो आणि पुढच्या महिन्यात नवा मुलगा.

आधी देश काय मागतो ते बघू, कारण दुकानदाराला ते ठाऊक असेलच असं नाही. ब्रिटनच्या कौटुंबिक व्हिसाला इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं किंवा कंपनीच्या अधिकृत माणसाचं पूर्ण नाव आणि सही, शिवाय संपर्काचा तपशील लागतो. नोटरीचा त्यात कुठेही उल्लेख नाही. पुढे तिथे राहून मुदतवाढ किंवा आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, मागताना मात्र आणखी एक अट येते: भाषांतरकार पात्र हवा आणि त्याची पात्रता कागदावर लिहिलेली हवी. जोडीदाराचा पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. म्हणजे पावणेतीन वर्षांनी तोच विवाहाचा दाखला पुन्हा बाहेर काढायची वेळ येऊ शकते. पहिल्याच खेपेला पात्रतेची एक ओळ लिहून घेतली तर तेव्हा धावपळ होत नाही. ही ओळ मागितल्यावर जो अडखळतो, त्याच्याकडे काम देऊ नये.

कॅनडाचं प्रकरण जास्त जाचक आहे. भाषांतरकार तिथल्या एखाद्या प्रांताच्या व्यावसायिक संघटनेचा प्रमाणित सभासद नसेल, आणि भारतातला सहसा नसतो, तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. म्हणजे एका दाखल्याचे तीन तुकडे होतात: मूळ कागदाची साक्षांकित प्रत, इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराने नोटरीसमोर सही केलेलं प्रतिज्ञापत्र. शिक्के आणि मोहोरा इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसतील तर त्यांचंही भाषांतर हवं. अर्जदाराने स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांनी, भावंडांनी, नवऱ्याने, बायकोने, काका-मावशीने, चुलत-मावस भावंडांनी केलेलं भाषांतर चालत नाही. तो नातेवाईक स्वतः वकील किंवा प्रमाणित भाषांतरकार असला तरी नाही. इंग्रजीची प्राध्यापक असलेली आत्या इथे उपयोगाची नाही.

ऑस्ट्रेलिया त्या मानाने सरळ आहे. तिथे बसून केलेलं भाषांतर नाटी-मान्य माणसाचं हवं. नाटी (NAATI) म्हणजे भाषांतरकारांना मान्यता देणारी तिथली संस्था. भारतात केलेलं असेल तर नाटीची सक्ती नाही, पण भाषांतरकाराने आपलं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि त्या भाषेतली पात्रता व अनुभव कागदावर नोंदवायला हवा. अमेरिकेत यूएससीआयएसला, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याला, पूर्ण भाषांतर आणि त्यासोबत दोन गोष्टी सांगणारं सहीचं विधान पुरतं: भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आणि आपण या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करायला सक्षम आहोत. स्पेन, फ्रान्स यांची पद्धत निराळी आहे. तिथे शपथबद्ध भाषांतरकारांची सरकारी किंवा न्यायालयीन यादी असते आणि काम त्यांच्याकडूनच करून घ्यावं लागतं. त्यांच्याबाबत एकच सांगून ठेवतो: ॲपोस्टील (कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी दाखला) आधी, भाषांतर नंतर. ॲपोस्टीलचा चिकटवलेला कागदही भाषांतरात यावा लागतो, त्यामुळे क्रम उलटला तर पैसे दोनदा जातात.

आणि ज्यांना ॲपोस्टील लागतच नाही त्यांनी ते विकत घेऊ नये. भारत २००५पासून ॲपोस्टील कराराचा भाग आहे, त्यामुळे ते मिळतं सगळ्यांना. पण ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाला किंवा कॅनडाच्या सुपर व्हिसाला मराठी विवाह-जन्म दाखल्यावर ते मागितलेलं नाही. भाषांतराच्या दरपत्रकात ते गुपचूप धरलेलं दिसलं तर खोडायला सांगा.

कचेरीबाहेरचं टेबल

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास, मुंबईत फोर्टात, तालुक्याच्या गावी तहसीलच्या दारात. एक संगणक, एक प्रिंटर, शेजारी नोटरी. यांना कमी लेखण्याची फॅशन आहे, पण एका बाबतीत यांचा हात कुणी धरू शकत नाही: सरकारी कारकुनाचं अक्षर. १९७०च्या आसपासची शाईने लिहिलेली, पाणी पडून पसरलेली नोंद हे लोक वर्तमानपत्र वाचावं तशी वाचतात. फेरफार, वारस नोंद, पोटखराब हे जमिनीच्या कागदांवरचे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत.

पडतात ते प्रमाणपत्राच्या बाबतीत. भाषांतराखाली नोटरीचा गोल शिक्का, लाल तिकीट, त्याची सही असं सगळं असतं आणि ज्याने भाषांतर केलं त्याचं नाव कुठेच नसतं. १९५२च्या नोटरी कायद्याच्या कलम ८नुसार भाषांतर करणं आणि ते पडताळणं हे नोटरीच्या अधिकारात येतं, हे खरं आहे. पण टेबलावरचा नोटरी ते करत नाही. तो ‘अटेस्टेड’ असा शिक्का मारतो, आणि त्याचा अर्थ फार तर समोर सही झाली किंवा प्रत मूळ कागदाशी जुळली एवढाच निघतो. भाषांतर बरोबर आहे हे कुणीच म्हटलेलं नसतं. कॅनडाच्या प्रतिज्ञापत्रात याहून मोठा घोळ होतो: टाइप करणारा सवयीने ‘मी खाली सही करणार’ म्हणून अर्जदाराचं नाव घालतो आणि अर्जदारच सही करून मोकळा होतो. ते प्रतिज्ञापत्र भाषांतरकाराचं असायला हवं होतं, त्यामुळे ते फुकट गेलं.

दुसरा धोका जुन्या फाइलचा. टेबलावर प्रत्येक दाखल्याचा साचा तयार असतो आणि नवं काम जुन्या फाइलवरच चढवतात. वरची नावं बदलतात, तळाशी कुठेतरी आधीच्या गिऱ्हाइकाचा नोंदणी क्रमांक किंवा तालुका तसाच राहतो. घेताना मूळ कागद डाव्या हाताला, भाषांतर उजव्या हाताला ठेवून प्रत्येक आकड्यावर पेन्सिलने टिंब करत जायचं. पाच मिनिटं लागतात. नोटरीच्या शिक्क्यावरची मुदतही तेव्हाच बघून घ्यावी. व्यवसायाचा दाखला पाच वर्षांचा असतो आणि शिक्का कधी कधी त्याहून म्हातारा असतो.

एकंदरीत जुनी हस्तलिखित नोंद असेल तर वाचनासाठी यांच्याकडे जावं, पण प्रमाणपत्राचा मजकूर आपण लिहून न्यावा.

व्हिसा सल्लागाराचं पॅकेज

‘भाषांतर आमच्याकडेच होतं’ असं म्हणतात तेव्हा ते बहुधा वरच्या टेबलावर किंवा खालच्या एजन्सीकडे जातं आणि मध्ये कमिशन बसतं. त्यात वाईट काही नाही, सोय आहे. अडचण एवढीच की भाषांतर कोणी केलं हे कळत नाही, आणि अधिकाऱ्याने कागदावरच्या नंबरवर फोन केला तर तो सल्लागाराच्या स्वागतकक्षात वाजतो. ब्रिटनच्या नियमाचा गाभाच असा आहे की भाषांतर स्वतंत्रपणे पडताळता आलं पाहिजे. भाषांतरकाराचं नाव आणि त्याचा स्वतःचा संपर्क मिळत असेल तर घ्या. नसेल तर पॅकेजमधून भाषांतर वजा करायला सांगा.

ऑनलाइन एजन्सी

इथे परिस्थिती नेमकी उलटी. प्रमाणपत्र बघण्यासारखं: लेटरहेड, तारीख, पूर्ण नाव, सही, ईमेल, पानापानावर शिक्का, मूळ कागदाची प्रत मागे जोडलेली. देशाचं नाव सांगितलं की त्या देशाचं विधान छापून येतं. पीडीएफ ईमेलने येतं आणि ब्रिटनच्या अर्जाला कागद अपलोडच करायचे असल्यामुळे कुरिअरची वाट बघावी लागत नाही.

आतला मजकूर मात्र दर वेळी तपासावा लागतो. लिपी एक म्हणून मराठी काम हिंदीच्या माणसाकडे जातं, आणि अलीकडे आधी यंत्राकडे जाऊन मग माणसाकडे येतं. खुणा ओळखायला सोप्या आहेत. ‘कै.’ हे कैलासवासी न राहता ‘काय’ असं कुणाचं तरी पहिलं नाव होतं. ‘मु.पो.’ गावाच्या नावाला चिकटतं. ‘निरंक’ म्हणजे ‘निल’ हे न कळल्यामुळे तो रकाना रिकामा सोडला जातो, आणि रिकामा रकाना म्हणजे माहिती दडवली असा अर्थ निघू शकतो. काळे, वाघ, गोरे ही आडनावं रंग आणि प्राणी होऊन येतात. हसू येतं, पण फी भरून झालेली असते.

यांची परीक्षा घ्यायची तर काम देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: रुजवात म्हणजे काय? नकलेच्या तळाशी ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’ अशा दोन सह्या असतात. पहिला उतरवून घेणारा, दुसरा मूळ नोंदवहीशी ताडून बघणारा. हे ज्याला सांगता येतं त्याने सरकारी मराठी वाचलेली आहे.

छापील, अलीकडचा, स्वच्छ दाखला यांच्याकडे बिनधास्त द्यावा. हस्तलिखित कागद देऊ नये, किंवा सोबत आपण टाइप केलेला मजकूर द्यावा.

एकटा भाषांतरकार

मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शिक्षण झालेला, नाटी किंवा तत्सम संस्थेची मान्यता असलेला, आपल्या नावाने काम करणारा माणूस. सगळ्यांत चांगला कागद इथूनच येतो आणि सगळ्यांत जास्त वेळही इथेच लागतो, कारण तो उलट प्रश्न विचारतो. पासपोर्टची प्रत मागतो, कोणत्या देशाला आणि कोणत्या व्हिसाला हे विचारतो, शिक्का वाचता येत नाही म्हणून नवा स्कॅन मागतो. नाटीचा क्रमांक दिला असेल तर तो नाटीच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो. ‘सरकारमान्य भाषांतरकार’ अशी पाटी मात्र सावधपणे वाचावी: भारतात स्पेन-फ्रान्ससारखी शपथबद्ध भाषांतरकारांची व्यवस्था नाही. पाटीवाल्याला कोणत्या सरकारने, कशासाठी मान्यता दिली हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

आता दोन कागद जवळून बघू, कारण सेवेचा कस तिथेच लागतो.

पहिला, गावच्या जन्मनोंदीचा उतारा. गाव नमुना १४, बोलीत कोतवाल बुक. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जन्माला खेडेगावात बहुतेकदा हाच आधार असतो. नोंद अशी काही असते: तारीख १/४/७१, बापाचं नाव सखाराम धोंडिबा, पुढे ‘मुलगा’, शेरा निरंक. बस्स. पहिला सापळा तारखेचा. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. घाईत इंग्रजी आकडे समजून वाचलं तर १ एप्रिलचा ९ ऑगस्ट होतो, आणि तारीख शक्य कोटीतली असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांत खुपतही नाही. म्हणून भाषांतरात महिना अक्षरात लिहायला सांगावं. अमेरिकेसाठी तर सांगावंच, कारण तिथे महिना आधी वाचतात आणि १/४ म्हणजे ४ जानेवारी.

दुसरा सापळा नावाचा. नोंदीत मुलाचं नावच नाही. गिऱ्हाइकाला मदत म्हणून टेबलवाला तिथे अर्जदाराचं नाव भरतो. हे भाषांतर राहिलं नाही. मूळ कागदात नसलेली गोष्ट त्यात घातली गेली, आणि अधिकाऱ्याने मूळ प्रत कुणा मराठी जाणत्याला दाखवली की अख्ख्या फाइलवर संशय येतो. बरोबर भाषांतरात तो रकाना ‘नाव नोंदलेलं नाही’ असाच येतो. नाव जोडायचं असेल तर १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४खाली निबंधकाकडे जावं, आणि ते जमत नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला व प्रतिज्ञापत्र जोडावं. नोंदच सापडत नसेल तर नमुना १०मधला अनुपलब्धतेचा दाखला मिळतो, त्याचंही भाषांतर लागतं.

तिसरा सापळा तळाशी. नक्कल अर्ज दिनांक, नक्कल तयार दिनांक, नक्कल दिली दिनांक अशा तीन तारखा असतात, वर जन्माची आणि कधी नोंदणीची वेगळी. पाच तारखांना पाच वेगळी नावं द्यावी लागतात. आळशी भाषांतरात तळाच्या तिन्हींना नुसतं ‘डेट’ म्हटलेलं असतं. ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ हा शेरा, गोल शिक्क्यातला मजकूर, पुसट सहीच्या जागी ‘सही अस्पष्ट’ अशी चौकोनी कंसातली टीप, कोर्ट फी तिकिटाचा उल्लेख, हे सगळं पानावर जिथे आहे तिथेच यायला हवं. ज्याच्या भाषांतरात शिक्का नाही त्याने काम अर्धं केलं आहे.

दुसरा कागद सातबारा. जमिनीची मालकी दाखवायला तो जोडतात. इथे यंत्र सपशेल आपटतं. ‘बोजा’ म्हणजे कर्जाचा भार. यंत्र वजन लिहितं. ‘अ.पा.क.’ हे अज्ञान पालनकर्त्याचं लघुरूप, आणि इथला अज्ञान म्हणजे वयाने अल्पवयीन. त्याला ‘इग्नोरंट’ म्हटलं की मालक अडाणी ठरतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कंपनीतला मॅनेजर नव्हे. ‘भोगवटादार वर्ग १’ला महसूल कायद्याच्या इंग्रजीत ‘ऑक्युपंट क्लास वन’ हाच शब्द आहे. तोच ठेवावा आणि टीपेत सांगावं की ही मालकी हक्काची वहिवाट आहे, भाडेकरू नव्हे. नाहीतर परदेशी अधिकारी ‘ऑक्युपंट’ म्हणजे राहणारा असं वाचून पुढे जातो.

क्षेत्र ०.४०.०० असं लिहिलेलं असतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. चाळीस आर म्हणजे चार हजार चौरस मीटर, म्हणजे एक एकराला जरासं कमी. एककाशिवाय हा आकडा लिहिला तर परदेशात त्याचा अर्थ लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कंस. सातबाऱ्यावर कंसात टाकलेलं किंवा आडवी रेघ मारलेलं नाव फेरफाराने कमी झालेलं असतं. भाषांतरकाराने कंस उडवला तर पंधरा वर्षांपूर्वी गेलेले आजोबा पुन्हा सहहिस्सेदार होतात आणि अर्जदाराचा हिस्सा निम्म्यावर येतो. चांगला माणूस तिथे ‘कमी केलेली नोंद’ असं स्पष्ट लिहितो.

लग्नपत्रिकेबद्दल थोडक्यात. जोडीदार व्हिसाला ती पुरावा म्हणून जोडतात. ‘चि.’ आणि ‘चि.सौ.कां.’ ही उपपदं आहेत, नावात जाता कामा नयेत. तिथी आणि मुहूर्त आले पाहिजेत. मंगलाष्टकांच्या ओळींचं मात्र काव्यमय भाषांतर करून त्याचे शब्दांप्रमाणे पैसे लावणारे आहेत, त्यांना ‘धार्मिक श्लोक’ एवढी टीप पुरेशी आहे का ते आधी विचारून घ्यावं. ब्रिटन पूर्ण भाषांतर मागतं, म्हणून श्लोक वगळायचा असेल तर पत्रिकाच न जोडता फोटो जोडणं सोपं.

नाव बदलाचं राजपत्र असेल तर तारखेकडे लक्ष. महाराष्ट्र शासन राजपत्रावर इंग्रजी तारखेबरोबर शक तारीखही छापतात, उदाहरणार्थ मार्च ३, २०१६ / फाल्गुन १३, शके १९३७. शकात ७८ मिळवून मोकळं होणाऱ्याला २०१५ मिळतं, कारण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. दोन्ही तारखा जशाच्या तशा द्याव्यात, बेरीज-वजाबाकी करू नये.

आता नावांचं स्पेलिंग. भाषांतरकाराने अर्जदाराचं नाव पासपोर्टबरहुकूमच लिहावं. ज्ञानेश्वर, लक्ष्मण, क्षीरसागर यांची प्रत्येकी दोन-तीन स्पेलिंगं चालू आहेत, आणि कागदागणिक बदलली तर एकाच माणसाचे तीन होतात. आईवडिलांची स्पेलिंगं त्यांच्या पासपोर्टवरून, नसेल तर आधारवरून. पण हे फक्त स्पेलिंगपुरतं. मूळ कागदात ‘रेखा’ असेल आणि पासपोर्टवर ‘सुरेखा’, तर भाषांतरात रेखाच येणार. सुरेखा करून देतो म्हणणारा दुकानदार गिऱ्हाइकाला खोट्या कागदाच्या वाटेवर नेतो आहे. त्याला प्रतिज्ञापत्र हा उपाय आहे. आईचं नाव जन्मदाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं ही तर घरोघरची गोष्ट. सुपर व्हिसाला बहुधा मुलाच्या जन्मदाखल्यावरून नातं सिद्ध करायचं असल्यामुळे विवाहाचा दाखला सोबत जोडला की दुवा जुळतो. ‘श्रीमती’कडेही लक्ष द्यावं. आपल्याकडे कित्येक दाखल्यांत ते विधवेसाठी लिहिलेलं असतं. भाषांतरात वैवाहिक स्थिती ठरवून टाकू नये, ‘श्रीमती’ तसंच ठेवून टीप द्यावी.

गावांची नावंही तशीच. २०२३ नंतरच्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव येतं, पासपोर्टवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद. अहिल्यानगरचंही तेच. भाषांतर कागदाप्रमाणे करावं आणि खाली भाषांतरकाराची टीप: पूर्वीचं नाव अमुक. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. जुन्या कागदावर जुनं पद, नव्यावर नवं. हुद्द्यांच्या इंग्रजीसाठी भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आहे. ‘दुय्यम निबंधक’चा ‘सेकंड रजिस्ट्रार’ करणाऱ्याने तो उघडलेला नाही, ‘सब-रजिस्ट्रार’ हवं. गोव्यातल्या १९६१पूर्वीच्या नोंदींसाठी मात्र यांपैकी कुणाकडेच जाऊ नये, त्या पोर्तुगीजमध्ये असतात.

पैशांबद्दल. दर पानावर असतो, पण पान म्हणजे काय हे ठरलेलं नसतं. कुणी मूळ कागदाचं पान मोजतं, कुणी भाषांतराचं, कुणी २५० शब्दांना एक पान धरतं. सातबाऱ्यावर शब्द कमी आणि रकाने जास्त, म्हणून शब्दांवर घेतला तर स्वस्त. हुकूमनाम्यावर मजकूर गच्च, म्हणून मूळ पानावर घेतला तर स्वस्त. प्रमाणपत्र, नोटरी, जादा प्रत, कुरिअर हे दरात आहे की वेगळं, आणि दुरुस्ती किती दिवस मोफत, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावं. तातडीचा दर दुप्पट सांगत असतील तर एकदा कॅलेंडर बघावं. नोटरीसाठी सही करायला भाषांतरकाराला प्रत्यक्ष जावं लागतं, त्याला कामाचा दिवस लागतोच.

खर्च वाचवायचा खरा मार्ग भाषांतराच्या आधीचा आहे. महापालिकांचे आणि बऱ्याच ग्रामपंचायतींचे आजचे जन्मदाखले मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेले मिळतात. जुना मराठी दाखला भाषांतराला देण्याऐवजी त्याच नोंदीची नवी प्रत मागवावी. विवाह नोंदणीच्या दाखल्यावरही छापील मजकूर अनेक ठिकाणी द्विभाषिक असतो, पण रकान्यांत हाताने भरलेलं फक्त मराठीत. तेव्हा ‘इंग्रजी आहेच की’ म्हणून सोडून देऊ नये. तेवढ्याच हस्तलिखित भागासाठी आणि शिक्क्यासाठी भाषांतर लागतं, आणि ते पूर्ण कागदाचंच करून घ्यावं.

स्कॅन देताना मोबाइलवरचं ‘मॅजिक’ किंवा काळं-पांढरं फिल्टर बंद ठेवावं, जांभळा शिक्का त्यातच उडतो. रंगीत, ३०० डीपीआय, कागदाच्या चारही कडा दिसतील असा, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही. हाती आलेलं भाषांतर अपलोड करताना मूळ कागद आणि त्याचं भाषांतर एकाच पीडीएफमध्ये, मूळ आधी. आणि प्रत्येक मूळ कागद घरी परत आला का ते मोजून घ्यावं. टेबलावरच्या ढिगात कोतवाल बुकाची नक्कल राहिली तर ती पुन्हा काढायला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो.